हायड्रॉलिक क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेला पिकअप बिजासन घाटात तापतो, क्लचचं पेडल मऊ पडतं, गिअर टाकताना कर्र आवाज येतो. गॅरेजवर पोचल्यावर बहुतेकदा एकच निदान ऐकायला मिळतं: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कधी ते खरंही असतं. पण हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलपासून प्लेटपर्यंत निम्मा रस्ता ऑइलचा असतो आणि त्या निम्म्यातला दोष गिअरबॉक्सला हात न लावता सापडतो, बराचसा दुरुस्तही होतो. दोष ऑइलच्या बाजूला आहे की लोखंडाच्या, हे एक स्टीलची पट्टी आणि पेडल दाबायला एक माणूस असला की दहा मिनिटांत कळतं.

त्याआधी आपल्या गाडीत ऑइलचा क्लच आहे की केबलचा, ते पाहा. बऱ्याच छोट्या मालवाहू गाड्यांत आणि जुन्या मोटारींत केबल असते. पेडलच्या वरच्या टोकाला पुशरॉड लावलेला छोटा सिलिंडर आणि त्यातून निघालेली बारीक पाइप दिसली तर हायड्रॉलिक.

यंत्रणा थोडक्यात

पेडल दाबलं की पुशरॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढे ढकलतो. ऑइल पाइप आणि रबरी होजमधून स्लेव्ह सिलिंडरकडे जातं, स्लेव्हची रॉड फोर्क ढकलते, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना दाबतं. काही नव्या गाड्यांत फोर्क नसतो. स्लेव्ह आणि बेअरिंग एकाच गोल तुकड्यात, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, घंटीच्या म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या आत बसवलेले असतात. असा आतला स्लेव्ह गळला तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

मास्टरमध्ये टाकीकडे उघडणारं एक सुईएवढं भोक असतं. पेडल पूर्ण वर आलं की ते उघडं राहतं, त्यामुळे तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. हे भोक लक्षात ठेवा. क्लच घसरण्याचं एक फसवं कारण तिथेच दडलेलं असतं.

खूप गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. क्लचची नळी टाकीत मुद्दाम वरच्या पातळीला जोडलेली असते, म्हणजे ऑइल कमी झालं तर आधी क्लच बसेल, ब्रेक शिल्लक राहतील. अशा गाडीत क्लच अचानक बसला तर पहिल्यांदा ब्रेक तपासा, क्लच नंतर.

टाकी उघडा: ऑइल काय सांगतं

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो तेच क्लचमध्ये चालतं, डॉट ३ किंवा डॉट ४. कोणतं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत उतरते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे हवाच ४५ अंशांच्या आसपास असते. त्यात भरलेली गाडी, घाटात सतत दाबलेला अर्धा क्लच आणि शेजारून गेलेला सायलेन्सरचा पाइप. ओलसर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामं जातं. गाडी अर्धा तास सावलीत उभी केली की क्लच पुन्हा ठीक. 'गार असताना चांगला, तापला की बसतो' ही तक्रार आली तर कुठलाही भाग बदलण्याआधी ऑइल बदला. दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं, गाडी कमी चालली असली तरी.

ऑइल काळं आणि गढूळ असेल तर रबर झिजून त्यात मिसळतंय. झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा डिझेल ओतलं आहे. खनिज तेलाने या यंत्रणेतलं रबर फुगतं आणि मऊ पडतं. तिथे नुसती हवा काढून उपयोग नाही. रबराचा प्रत्येक भाग बदलून पाइप स्वच्छ कराव्या लागतात आणि टाकी सामाईक असेल तर ब्रेकचं रबरही. हे काम टाळून गाडी चालवू नका.

पातळीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं बाहेर येतात, स्लेव्हचा पिस्टन थोडा मागे सरकतो आणि टाकीतली पातळी किंचित वर चढते. म्हणून क्लचची टाकी वेगळी असेल आणि पातळी उतरत असेल, तर गळती आहेच. 'झिजेमुळे कमी झालं असेल' हे ब्रेकबाबत खरं असू शकतं, क्लचबाबत नाही.

गळती कुठून

चार जागा पाहा. चालकाच्या पायापाशी, पेडलच्या पुशरॉडवरून ओघळ आलेला असेल तर मास्टरचं मागचं रबर गेलं. चटई उचलून बोट फिरवा. तिथला रंग सुटलेला असेल तर गळती जुनी आहे. पाइप आणि होजच्या जोडांवर ओल, हे दुसरं. तिसरं, स्लेव्हच्या रबरी टोपीत. टोपीची कड स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचला. आतून ऑइल टपकलं तर स्लेव्ह गेला. काळ्या मातीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत ही टोपी आधी फाटते. माती थापली जाते, वाळून दगड होते, रॉडबरोबर आत-बाहेर घासते आणि तीच माती सिलिंडरच्या भिंतीवर चरे पाडते.

चौथी जागा घंटीच्या खालचं भोक. तिथून टपकणारं द्रव कशाचं, ते ओळखूनच पुढे जा. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. ब्रेक ऑइल पातळ, पिवळसर असतं आणि पाण्याने धुऊन जातं. गिअर ऑइल घट्ट, उग्र गंधकाच्या वासाचं. इंजिन ऑइल काळं, पाण्याने न जाणारं. पहिलं असेल तर आतला स्लेव्ह, दुसरं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टची सील, तिसरं असेल तर क्रँकची मागची सील. तिन्हींत गिअरबॉक्स उतरतो, पण बदलायचा भाग वेगळा.

क्लच सुटत नाही, की घसरतो?

या दोन तक्रारी उलट्या आहेत आणि गाडीमालक दोन्हींना 'क्लच गेला' म्हणतात.

सुटत नाही याची परीक्षा: गाडी सपाट जागी, इंजिन आयडलवर. पेडल तळापर्यंत दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. पाच सेकंदांत गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबायला हवा. तरीही कर्र आवाज आला, किंवा पेडल दाबलेलं असून गाडी पुढे सरकायला बघते, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

घसरतो याची परीक्षा: मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या आसपास वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण द्या. इंजिनचा आवाज चढला पण गाडीने वेग धरला नाही, तर क्लच घसरतो. हे एकदाच करा. चारदा केलं तर चांगली प्लेटही जळेल.

पट्टी घेऊन गाडीखाली

चाकांना पुढून-मागून गुटके लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. गाडी उचलावी लागली तर घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

स्लेव्हच्या रॉडपाशी पट्टी धरा आणि वरच्या माणसाला पेडल सावकाश, तळापर्यंत दाबायला सांगा. रॉड किती मिलिमीटर सरकली ते वाचा. बाहेरचा स्लेव्ह असलेल्या बहुतेक जीप आणि पिकअपमध्ये हे अंतर १२ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान असतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. मग पेडल तसंच ३० सेकंद धरून ठेवायला लावा आणि रॉड जागेवर राहते का ते पाहा.

इथे रस्ता फुटतो. रॉड पुरेशी सरकली, टिकूनही राहिली आणि तरी क्लच सुटत नाही, तर ऑइलची बाजू निर्दोष आहे. दोष फोर्क, तो ज्यावर टेकून हलतो तो गोळा, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा प्लेटमध्ये. आता गिअरबॉक्स उतरवा, हरकत नाही.

रॉड कमी सरकते, पण चार-पाच वेळा भराभर पेडल मारल्यावर जास्त सरकते आणि पेडलही कडक लागतं: आत हवा आहे. रॉड आधी पूर्ण सरकते आणि मग हळूहळू मागे येते, बाहेर कुठेही ओल नाही: मास्टरच्या आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. ही खोड गरम ऑइलवर जास्त दिसते, म्हणून शंका असेल तर गाडी चालवून आणून पुन्हा मोजा. रॉड कमीच सरकते, पंप मारूनही फरक नाही, पेडल कडक: पेडलच्या जोडातली ढिलाई तपासा. पिनचं भोक लंबगोल झालेलं असतं किंवा बुश गेलेलं. पेडलची तरफ साधारण पाच-सहापट असते, म्हणजे पुशरॉडपाशी २ मिलिमीटर वाया गेले की पायाखाली १० ते १२ मिलिमीटर वाया जातात.

वरचा माणूस पेडल दाबत असताना होज मुठीत धरा. ती हाताला फुगलेली जाणवली तर बदला. दाब रॉडपर्यंत न पोचता होज ताणण्यात जातोय.

स्लेव्ह आत असेल तर पट्टी लावता येत नाही. तिथे पेडल धरून ठेवायची परीक्षा, पंप मारल्यावरचा फरक आणि घंटीखालची ओल यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

घसरणारा क्लच, पण प्लेट चांगली

प्लेट बदलूनही महिन्याभरात क्लच पुन्हा घसरतो, तेव्हा अडकलेला दाब तपासलेला नसतो. गाडी घसरते आहे तोवरच थांबवा, पेडलवरून पाय काढा आणि स्लेव्हचा ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, पाव आटा सैल करा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि रॉड मागे सरकली, तर पेडल सोडूनही लाइनमध्ये दाब शिल्लक होता. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा.

दाब कुठे अडतो ते शोधायला पुन्हा तीच स्थिती आणा आणि या वेळी मास्टरपाशी पाइपचा नट सैल करा. इथे दाब सुटून रॉड मागे गेली तर दोष मास्टरचा: पुशरॉड जास्त लांब सेट केली आहे, पिस्टन पूर्ण मागे येत नाही, वर सांगितलेलं भोक झाकलेलंच राहतं. मास्टरपाशी सुटला नाही आणि निपलपाशी सुटला, तर होज आतून सुजून बंद झाली आहे. ती बाहेरून अगदी नवी दिसू शकते.

पुशरॉडला पिस्टनशी किंचित मोकळीक हवी. पेडल बोटाने हलकं दाबल्यावर पहिले काही मिलिमीटर अडथळा लागू नये. 'पेडल उंच हवं' म्हणून चेकनट सोडून रॉड लांब करणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. त्याने पेडल उंच होतं आणि प्लेट जळते.

मास्टर आणि स्लेव्ह: किट (आतल्या रबरांचा संच) की अख्खा सिलिंडर

पेडलची पिन आणि क्लिप काढा, टाकीतलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, पाइपचा नट फ्लेअर पान्यानेच सोडा. हा नट बहुधा १० किंवा ११ नंबरचा असतो. साध्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात आणि मग पाइपही बदलावी लागते. खालचा रंग ब्रेक ऑइलपासून जपा. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

सिलिंडर खोलून भिंतीवर नख फिरवा. नख अडकलं तर किट घालण्यात अर्थ नाही, नवा सिलिंडर घ्या. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून पॉलिश पेपर मारू नका. भिंतीवरचा कठीण थर निघून जातो आणि नवं रबर काही आठवड्यांत खाल्लं जातं. भिंत गुळगुळीत असेल तर किट चालतं. सगळे भाग स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑइलने धुवा. डिझेल, पेट्रोल, रॉकेल यांपैकी काहीही नको आणि ग्रीससुद्धा नको, रबरासाठीचं खास ग्रीस सोडून. वायसरची, म्हणजे पिस्टनवरच्या वाटीसारख्या रबराची, पातळ कड नेहमी दाबाच्या बाजूला, म्हणजे ऑइलकडे.

नवा सिलिंडर घेताना जुना सोबत न्या. जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एकसारखे दिसणारे, पण आतून वेगळ्या व्यासाचे सिलिंडर मिळतात. व्यास अंगावर कोरलेला असतो. समजा मास्टर १५.८७ मिलिमीटरचा, स्लेव्ह १९.०५ चा आणि मास्टरचा पिस्टन २८ मिलिमीटर सरकतो, तर स्लेव्ह १९.४ मिलिमीटर सरकेल. त्याच जागी २०.६४ चा स्लेव्ह बसवला तर हीच सरक १६.६ होते. पेडल हलकं लागेल, चालक खूश होईल आणि गिअर मात्र कर्र करत पडेल.

आतला स्लेव्ह असेल तर आणखी एक: नवा तुकडा हाताने दाबून पाहू नका आणि गिअरबॉक्स बसून बोल्ट आवळेपर्यंत पेडलला हात लावू नका. समोर टेकण नसलेला पिस्टन बाहेर येतो आणि नवी सील फुकट जाते. पाइपच्या जोडातलं बारीक ओ-रिंग नवीनच घाला. गिअरबॉक्स एवीतेवी उतरला असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि आतला स्लेव्ह तिन्ही एकदम बदला. मजुरी वाचवण्याची खरी जागा हीच.

हवा काढणे

निम्म्या दुरुस्त्या इथे फसतात. पूर्ण ऑइल बदलायला सीलबंद ५०० मिलिलिटरची एक बाटली सहसा पुरते. आधीच फोडून ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका. ती ओल पिऊन बसलेली असते.

१. टाकी भरा. निपलवर पारदर्शक नळी चढवा आणि तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा.

२. वरच्या माणसाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायचं आणि 'धरलं' म्हणायचं. खालच्याने निपल पाव ते अर्धा आटा उघडायचा, ऑइल-बुडबुडे येऊ द्यायचे, निपल बंद करायचा. बंद झाल्याचं ऐकल्यावरच पेडल सोडायचं. पेडल खाली चिकटून राहिलं तर हाताने वर ओढा.

३. दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा तेच. दर पाच-सहा वेळा टाकी पाहा. पातळी खालच्या खुणेखाली गेली की नवी हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

पेडल भराभर पंपासारखं मारून निपल उघडण्याची पद्धत क्लचला बरी नाही. त्याने हवेचे मोठे बुडबुडे फुटून बारीक फेस होतो आणि तो लवकर निघत नाही.

वीस-पंचवीस वेळा करूनही पेडल मऊच राहिलं तर हवा वरच्या वळणात अडकली आहे. मग उलटं करा: टाकीतलं ऑइल थोडं काढून ठेवा, ६० मिलिलिटरची मोठी सिरिंज ताज्या ऑइलने भरा, तिच्या नळीतली हवा आधी काढा आणि निपलमधून सावकाश वर ढकला. हवेला वर जायचंच असतं; या पद्धतीत तिला वाट मिळते. टाकीत बुडबुडे येताना दिसतील. टाकी ओसंडणार नाही याकडे लक्ष ठेवा.

बाहेरच्या स्लेव्हला आणखी एक उपाय आहे. पाइप न सोडता त्याचे दोन बोल्ट काढा, पाइपचा जोड सर्वांत वर येईल असा धरा आणि रॉड अंगठ्याने हळू पूर्ण आत दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आतली हवा टाकीकडे निघते. स्लेव्ह असा हातात असताना पेडलला कुणी हात लावणार नाही याची खात्री करा. निपल शेवटी बेताने आवळा. तो पोकळ असतो, जोर लावला की तुटतो.

ऑइलची बाजू ठीक असेल तेव्हा

पेडल दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांत: रिलीज बेअरिंग. उलट असेल, म्हणजे न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू केली आणि क्लच सुटतच नाही, रॉड मात्र पूर्ण सरकते, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. फोर्कचा गोळा झिजला की रॉड पूर्ण सरकूनही बेअरिंग कमी सरकतं. फोर्क हाताने हलवून खडखड पाहा.

मोठ्या ट्रकमध्ये स्लेव्हच्या जागी हवेच्या मदतीचा बूस्टर असतो. तिथे पेडल एकाएकी दगडासारखं झालं तर आधी टाकीतला हवेचा दाब पाहा. पेडल दाबून धरल्यावर फुस्स आवाज सतत येत असेल तर हवेची सील, आणि हवा सुटण्याच्या भोकातून ऑइल आलं तर ऑइलची सील गेली.

रस्त्यातच बसला तर

चांदसैली किंवा कन्नडच्या घाटात क्लच बसला तर ब्रेक ठीक आहेत याची खात्री होईपर्यंत गाडी हलवू नका. ब्रेक ठीक असतील तर टाकीत ब्रेक ऑइल भरून चार-पाच पंप मारा, बहुतेकदा पुढच्या गावापर्यंत जाण्याइतकं पेडल मिळतं. ब्रेक ऑइल जवळ नसेल तर पाणी, इंजिन ऑइल, खोबरेल यांतलं काहीही टाकू नका. एका फेरीसाठी सगळं रबर जातं. भरलेली गाडी असेल तर उतारावर गिअर बदलायच्या फंदात न पडता ओढून न्या.

दुरुस्तीनंतर टाकीवर पातळीची खूण करा. गाडी तापेपर्यंत चालवून आणा, रॉड पुन्हा मोजा आणि पहिल्या मापाशेजारी लिहून ठेवा. गरम असताना १ मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर हवा अजून आत आहे, निपल पुन्हा उघडा.